नियम तिसरा: डबा शिखरावरच उघडावा

८ जानेवारी

अखिल भूमंडलीय क्षुधावर्धक गिरिभ्रमण मंडळाचे संस्थापक, आजन्म अध्यक्ष व एकमेव हयात सभासद. मानपत्रमार्तंड, निमंत्रणपत्रिकाचूडामणी, शोकसंदेशसार्वभौम. जिन्याच्या केवळ दर्शनाने धाप लागणारे, वय बावन्न, वजन अघोषित, असे ज्येष्ठ बंधू दादा यांजकडून शिलाईयंत्राधीश्वरी, गणवेशदुरुस्तीविशारद, पत्रोत्तरविरक्त कनिष्ठ भगिनी धाकटी हिला अनेक आशीर्वाद.

वरच्या ओळीतला ‘हयात’ हा शब्द लिहून झाल्यावर खोडावा असे मनात आले. परंतु छापखान्यात तीस वर्षे इतरांची मानपत्रे लिहून काढल्यानंतर खाडाखोडीचा कागद बाहेर पाठवण्याचे धैर्य माझ्यात उरलेले नाही. म्हणून राहू दिला.

पत्रास कारण तुझी वहिनी. तुझ्याकडून परवा परतली ती चपलाही न काढता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “तुमची बहीण उभ्याने पाव खाते.”

“पाव बसूनच खावा असा कुठे दंडक आहे?” मी विचारले.

“कोरडा पाव. ओट्यापाशी, भिंतीकडे तोंड करून. गॅस कधी पेटवला होता कोण जाणे, शेगडीवर दोऱ्याची रिळं मांडून ठेवलीत. दिवसभर शाळेच्या पोरांच्या चड्ड्या कमरेत आत घेते, आणि आता स्वतःचे कपडेही आत घ्यायला लागलीय.”

“काही बोलली?”

“बोलली. म्हणाली, ज्याच्यासाठी केलं त्यानं डबा उघडलासुद्धा नाही. आता कोणासाठी रांधू?”

यावर मी वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली व पुन्हा केली. तुझी वहिनी माझ्याकडे जितका वेळ पाहत राहिली तितका वेळ कोणत्याही विवाहित स्त्रीने पतीकडे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असो. तू माझ्याशी दहा महिने बोलली नाहीस, याची तक्रार मांडण्यासाठी हे पत्र नाही. ‘तुला पाहिलं की मला तो बंद डबा दिसतो,’ असे तू म्हणालीस आणि सहा तासांच्या बसप्रवासाइतके अंतर आपल्यामध्ये ठेवलेस. ते न्याय्य आहे. मी केवळ वैद्यकीय सल्ला देऊ इच्छितो, आणि तोही माझा नव्हे.

तुला स्मरत असेल, पाच वर्षांपूर्वी मी आणि तुझा नवरा एकाच सकाळी एकाच डॉक्टरांपुढे उभे राहिलो होतो. माझा रक्तदाब, त्याची साखर. त्याला सकाळ-संध्याकाळचे इंजेक्शन लिहून देऊन डॉक्टरांनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिले. त्या चष्म्याच्या काचा तुझ्या नवऱ्यानेच घासलेल्या होत्या, त्यामुळे आम्ही उभयता त्यांना अगदी स्पष्ट दिसत असणार. “खाता तुम्ही छान,” ते म्हणाले. “आता चढा. आठवड्यातून एकदा तरी डोंगर चढा. चढून खाल्लेलं गोड लागतं आणि अंगीही लागतं.”

त्या वाक्यातला ‘गोड लागतं’ एवढाच भाग आम्ही ऐकला. दवाखान्याच्या जिन्यातच मंडळाची स्थापना झाली. मी अध्यक्ष, तो उपाध्यक्ष. नियम पहिला: दर रविवारी. नियम दुसरा: वाटेत कचेरीचे नाव काढू नये. नियम तिसरा: डबा शिखरावरच उघडावा. हे तिन्ही मी सोनेरी किनारीच्या जाड कागदावर छापून आणले आणि तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्याच हातोडीने, ठोकले. तू म्हणालीस, “दादा, दोन माणसांना नियम कशाला रे?” आणि उपाध्यक्षांनी गंभीरपणे उत्तर दिले, “भूक मोकाट सोडली तर ती सपाटीवरच चरते.”

धाकटे, डोंगर हा जगातला सर्वश्रेष्ठ आचारी आहे. घरी ज्या बटाट्याकडे मनुष्य ढुंकून पाहत नाही तो दीड तासाच्या चढणीनंतर अमृतास लाजवतो. अंड्यातला बलक, पावाचा कडक काठ, तळाशी चिकटलेले मीठ, प्रत्येकाची चव वेगळी लागते आणि प्रत्येकाबद्दल कृतज्ञता वाटते. तुझ्या खोलीमागे पाण्याची टाकी आहे, तिच्यामागे एक टेकडी आहे, असे वहिनी सांगते. अर्ध्या तासाचा चढ. एक रविवार चढून पाहा. सोबत काही तरी शिजवलेले ने. भूक लागेल. भूक लागली की मनुष्य बसून खातो.

आज्ञा नव्हे, विनंती.

दादा

२२ जानेवारी

मंडळाचे अध्यक्ष इत्यादी इत्यादी यांजकडून (पदव्यांची पूर्ण यादी मागील पत्रात पाहावी) धाकटीस.

उत्तर आले नाही. ते येईल अशी माझी अपेक्षाही नव्हती. टपालपेटी दिवसातून दोनदा उघडून पाहणे हा माझ्या व्यायामाचा भाग आहे.

मंडळाचे कार्य येथे अव्याहत चालू आहे. दर रविवारी सकाळी सात वाजता मी डोंगराच्या पायथ्याशी उपस्थित असतो. तुला वाट ठाऊक नाही. तू कधी आली नाहीस. “रविवारी एक दिवस माझा मला राहू दे,” असे म्हणायचीस. म्हणून वर्णन करतो. पहिल्या वळणावर सिमेंटचे बाकडे आहे. त्यावर बसून बुटांचे बंद आवळायचे. दुसऱ्या वळणावर जेवणाच्या टेबलाएवढा सपाट खडक आहे. तेथून आपले गाव दिसते, छापखान्याचे पत्रे दिसतात, आणि सोमवार किती जवळ आहे याचे भान येते. तिसऱ्या वळणाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. मग माथा. माथ्यावर मोबाइलचा मनोरा आणि त्याच्या सावलीत आमचे भोजनगृह.

छापखान्यात सर्व क्षेम. एका निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचे मानपत्र लिहीत आहे. त्यांच्या ‘अविचल सत्यनिष्ठे’वर दोन परिच्छेद झाले, तिसऱ्याला शाई सरकत नाही. काल दुपारी मशीनवाला जवळ येऊन म्हणाला, “साहेब, तुमचा डबा हल्ली दिसत नाही.”

“आहारनियमन,” मी म्हणालो.

“दहा महिने?”

“दीर्घकालीन आहारनियमन.”

“बरं,” तो म्हणाला आणि त्याच्या डब्याचे झाकण माझ्यापुढे सरकवून त्यात अर्धा पाव ठेवून गेला. मनुष्य चांगला आहे. छपाईचे ठोकळे मात्र नेहमी उलटे लावतो.

एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, कारण तू मनात भलतेच काही घेऊन बसली असशील. त्या दिवशी उपाध्यक्षांना भूक नव्हती. मी आग्रह केला होता. डबा त्यांच्याजवळच होता. इच्छा नसेल तर मनुष्य खात नाही. त्यात रांधणाऱ्याचा दोष नसतो. हे दवाखान्यात सर्वांसमोर मी सांगितले होते आणि सर्वांनी ते मान्य केले होते. तेव्हा तू स्वतःला बोल लावून घेण्याचे काही कारण नाही.

हे वाक्य मी चार वेळा वाचले. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

टेकडी चढलीस का?

दादा

३ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझे पोस्टकार्ड आज सकाळी आले. दोन ओळी. ‘दादा, विनोद पुरे. तो शेवटचं काय बोलला तेवढं लिही. माझ्यावर रागावलेलाच गेला ना?’

मी ते छापखान्यात नेले, टेबलाच्या काचेखाली ठेवले, काढले, खिशात घातले. मुख्याध्यापकांचे मानपत्र पूर्ण केले. नंतर तुला उत्तर लिहिण्यास बसलो ते असे:

‘दिवंगत उपाध्यक्ष हे स्वभावाने प्रसन्न, वृत्तीने विनोदी आणि अखेरच्या क्षणापर्यंत आपल्या कुटुंबाविषयी निरतिशय आदर बाळगून...’

तुझी वहिनी पाठीमागे उभी राहून वाचत होती. मला कळले नाही.

“हे काय आहे?” तिने विचारले.

“उत्तर.”

“हे तुम्ही गेल्या वर्षी दूध डेअरीच्या चेअरमनसाठी लिहिलं होतंत. ‘कुटुंबाविषयी’च्या जागी ‘सभासदांविषयी’ होतं.”

“चांगले वाक्य पुन्हा वापरण्यात—”

“अहो, ती तिकडे वाळून चाललीय.” तिने कागद उचलला, नीट दुमडला आणि माझ्या हातात दिला. “मला काही माहीत नाही त्या दिवसाचं. मी विचारलंही नाही. पण कपाटामागे एक बॅग आहे, निळ्या कापडाची, धाकटीच्या शिलाईची. साफसफाई करताना तीनदा हाताला लागली आणि तीनदा मी ती होती तिथे ठेवली. तुमच्या बहिणीला मानपत्र नकोय. सरळ लिहा.”

आणि ती बाजारात निघून गेली. अजून आलेली नाही. मला वाटते, मुद्दाम उशीर करते आहे.

आज लिहिणे जमणार नाही. उद्या.

४ फेब्रुवारी

धाकटे,

मी रविवारी डोंगरावर जात नाही. त्या दिवसानंतर एकदाही गेलेलो नाही. मागच्या पत्रातली ती गोष्ट खोटी होती. आता मोठ्या खोट्याकडे वळतो.

डबा त्याच्याजवळ नव्हता. माझ्याजवळ होता. तू शिवलेल्या निळ्या बॅगेत आमचे दोन्ही डबे असत आणि ती बॅग चढताना माझ्या पाठीवर असे. उतरताना, रिकामी झाल्यावर, त्याच्या. ही मंडळाची प्रथा होती. पहिल्याच वर्षी तो एकदा मागे रेंगाळून दोन अंडी खाऊन आला होता, तेव्हा मी ठराव मांडून बॅगेचा ताबा अध्यक्षांकडे घेतला. त्याने हे तुला कधी सांगितले नसावे. तुला वाटत असे, बॅग त्याच्याच खांद्यावर आहे.

इतर रविवारी तो घरून खाऊन निघे. इंजेक्शन घेतल्यावर खावेच लागते, हे मला ठाऊक होते. मी त्या नियमभंगाकडे डोळेझाक करी आणि त्याबद्दल त्याला टोमणे मारी. त्या रविवारी तो खाऊन निघाला नव्हता. हेही मला ठाऊक होते. पहिल्या वळणावर, बाकड्यावर बुटांचे बंद आवळताना त्यानेच सांगितले.

“आज घरी कडाक्याचं झालं,” तो म्हणाला. “तिला मशीन खिडकीपाशी हलवून हवं होतं. मी म्हटलं, डोंगरावरून आल्यावर. इंजेक्शन घेऊन झालं होतं, ताट समोर होतं, मी तसाच उठलो. तर म्हणाली, जा, त्या डोंगराकडेच जेव. आणि हे म्हणता म्हणता डबा भरून माझ्या हातात दिला. आता यातलं आज्ञापत्र कोणतं धरायचं, अध्यक्षमहाराज?”

तो हसत होता. रागावलेला नव्हता. तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे. उरलेले अर्धे दुसऱ्या वळणावर, त्या सपाट खडकापाशी मिळाले. तो बसला. घाम फार आला होता; मी म्हटले, वय झाले. तो म्हणाला, “दादा, आज इथेच उघडू या का? तिने बटाटे परतलेत. बॅगेतून वास येतोय. भांडली, पण मिरपूड जास्त टाकलीय, मला आवडते तशी. इथपर्यंत झोंबतेय नाकाला.”

हे त्याचे तुझ्याविषयीचे अखेरचे बोलणे. मी ते शब्दशः लिहिले आहे, कारण मला ते शब्दशः पाठ आहे. त्याला तुझ्या हातचे हवे होते. माथ्यापर्यंत थांबवत नव्हते, इतके हवे होते.

मी काय म्हणालो, तेही शब्दशः सांगतो. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “नियम तिसरा. सन्माननीय उपाध्यक्षांची सूचना पटलावर घेता येत नाही. चलावे.”

“हात कापतोय हो माझा. बॅग द्या जरा इकडे.”

मी बॅग छातीशी कवटाळली आणि नाटकातल्या कृपणासारखा मागे सरकलो. दोघेही हसलो. तो माझ्याहून थोडा उशिरा हसला.

तिसऱ्या वळणावर वाट अरुंद आहे. मी पुढे, तो मागे. आवाज आला म्हणून वळून पाहिले, तर तो उभा होता आणि उजव्या हाताने आपला डावा खांदा चाचपत होता. एकदा, दोनदा, तीनदा. बोटे खांद्यावर काही तरी शोधीत होती, आणि तोंडाने जड जिभेने चालले होते, “सभा बंद करा... पंखा लावा कोणीतरी... सभा...”

धाकटे, आम्ही चार वर्षे एकमेकांशी सरळ वाक्य बोललो नव्हतो. तो दारुड्याची नक्कल उत्तम करी. मला वाटले, युद्ध जिंकून आलेला सेनापती खांद्यावरचा हुद्दा चाचपतो आहे. नवे सोंग आहे. मी टाच आपटून त्याला सलाम ठोकला. म्हणालो, “सेनापती, शिखरावर भेट होईल,” आणि पुढे निघालो.

त्याच्या जिवाशी आलेली गोष्ट मला विनोद वाटली. आणि चांगला विनोद वाटली. माथ्यापर्यंत मी हसत होतो.

यापुढचे मी कोणालाही सांगितलेले नाही. तुझ्या वहिनीलाही नाही.

माथ्यावर मी रुमाल पसरला. दोन्ही डबे समोरासमोर मांडले. त्याला दोन हाका मारल्या, त्याही घोषणेच्या थाटात. उत्तर आले नाही. म्हटले, फसवतो आहे. झुडपामागे दडून मी नियम मोडतो का ते पाहतो आहे. भूक लागली होती. फार लागली होती. मी माझा डबा उघडला. उकडलेले अंडे, पाव, थंड मटार. मी सावकाश जेवलो. त्या दिवसाइतके गोड मला आयुष्यात काही लागलेले नाही. पहिल्या पत्रात मी तुला डोंगराच्या आचारीपणाबद्दल जे लिहिले, ते कुठले वर्णन होते असे वाटते तुला? बलक, पावाचा कडक काठ, तळाचे मीठ. तो तिसऱ्या वळणाच्या खाली पंधरा फुटांवर झुडपात पडलेला होता आणि मी बोटाने मीठ टिपीत होतो. माझे संपल्यावर मी त्याच्या डब्याकडेही पाहिले. उघडला नाही. नियम होता.

अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला. मग खाली उतरलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारले, “सकाळी काय खाल्लं होतं त्यांनी?” तू म्हणालीस, “काही नाही. पण डबा होता बरोबर.” मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. डबा माझ्या हातात होता. झाकण बंद, वजन पूर्ण. मी म्हणालो, “भूक नाही म्हणाला. मी खूप आग्रह केला.” एवढे सफाईदार वाक्य मला एरवी तिसऱ्या कच्च्या खर्ड्याआधी सुचत नाही. तू डबा माझ्या हातून घेतलास आणि दोन्ही हातांनी धरून बसलीस. त्या क्षणी तू मनाशी काय ठरवते आहेस, हे मला दिसत होते. ‘डोंगराकडेच जेव’ हे वाक्य मी बाकड्यावर ऐकलेले होते. मला दिसत होते आणि मी तुला ते ठरवू दिले, कारण तू स्वतःला दोष देत राहिलीस तर माझ्याकडे पाहणार नव्हतीस.

बॅगेबद्दल कोणी विचारले नाही. मी सांगितले नाही. घरी आणून कपाटामागे टाकली. महिन्याभराने एकदा बाहेर काढली तेव्हा डाव्या पट्ट्यावर, अगदी खांद्याच्या जागी, बोटाला काही तरी टोचले. पट्ट्याच्या आतून तू एक छोटा खिसा शिवला आहेस. टाके इतके बारीक आहेत की डोळ्यांना दिसत नाहीत. आत कागदात गुंडाळलेले साखरेचे चार ठोकळे.

तो हुद्दा चाचपत नव्हता. तू शिकवले होतेस तेच करीत होता. डोके चालेनासे झाले तरी हाताला जागा माहीत होती. पट्टा मात्र माझ्या खांद्यावर होता.

त्या खिशाविषयी तो मला कधी बोलला नाही. माझ्यासमोर आजारी दिसण्याची त्याला लाज वाटत असावी. मी त्याचे काय केले असते, तेही उघड आहे. त्यावर ठराव मांडला असता.

तू सांगितल्याप्रमाणे विनोद केलेला नाही. कुठे डोकावला असेल तर तो हाताच्या सवयीचा दोष.

तो तुझ्यावर रागावून गेला नाही. तो तुझ्या बटाट्यांसाठी थांबला होता.

दादा

२६ मार्च

धाकटीस,

पदव्या काढून टाकल्या आहेत. मंडळ विसर्जित. नियमांचा तो सोनेरी कागद तुझ्या जुन्या स्वयंपाकघरात अजून लटकत असेल तर नव्या भाडेकरूने त्याचे काय केले असेल, याचा विचार कधीतरी मनात येतो.

तुझी वहिनी काल तुझ्याकडून आली. या वेळी तिने चपला काढल्या, हातपाय धुतले, माझे वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले आणि मगच बसली. मी काही विचारले नाही. विचारण्याचा अधिकार मी गमावला आहे, हे मला कळते. तिनेच थोड्या वेळाने सांगितले.

“बटाटे परतले होते तिने.”

“बसून खाल्ले?”

“बसून. दोनदा घेतले. मिरपूड इतकी, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.”

“तिच्या?”

“तिच्याही. पण खाल्ले तिने. मशीन खिडकीपाशी हलवून घेतलं माझ्याकडून.”

ती उठून पाणी पिऊन आली.

“तुमचं नाव निघालं नाही,” ती म्हणाली. “निघताना दाराशी एवढंच म्हणाली, बॅग पाठवून दे म्हणावं. आणि खिशाला हात लावू नको म्हणावं.”

या निरोपाची अंमलबजावणी तत्काळ व्हावी म्हणून आज मी बॅग घेऊन टपाल कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारले, “आत काय?” खोटे बोलणे मी आता सोडले आहे, आणि सुरुवात कुठून तरी करायलाच हवी होती. म्हणालो, “साखर. चार ठोकळे.”

“खायचं काही असेल तर पार्सल घेत नाही आम्ही. साखर काढा, मग आणा.”

“ती काढता येत नाही.”

“खिशातच आहे ना? काढा की.”

“काढता येत नाही, बाई.”

“मग मी घेऊ शकत नाही. पुढचे या.”

तुझ्या वहिनीला म्हटले, पुढच्या महिन्यात जाशील तेव्हा तू ने. ती म्हणाली, “मी नाही नेणार. इतके महिने तुम्ही लपवली, आता तुम्हीच उचला.” मी स्वतः आणावी, तर ‘ये’ असे तू म्हटलेले नाहीस, आणि मी ते गृहीत धरणार नाही. बसच्या वेळा मात्र पाहून ठेवल्या आहेत. सकाळी सव्वासहाची सोयीची दिसते.

तोवर बॅग कपाटामागे ठेवणेही आता शक्य नाही, कारण ऊन वाढू लागल्यापासून मुंग्यांना तिचा पत्ता लागला आहे. बारीक, तांबड्या, शिस्तबद्ध. न्हाणीघराच्या चौकटीतून निघतात, भिंतीच्या कडेने कपाटाला वळसा घालतात आणि पट्ट्यावरून चढून त्या खिशापाशी पोहोचतात. पावडर टाकावी तर कापडाला डाग पडेल. झटकावे तर पट्टा हलतो आणि खिशाला धक्का लागतो. चार बशांत पाणी भरून, उलट्या वाट्यांवर पाट ठेवून बॅग मधोमध बसवली, तर त्या आता छतावरून येऊ लागल्या आहेत. वहिनीने कपाट रिकामे करायला घेतले आहे आणि माझे सगळे सदरे खुर्चीवर पडून आहेत. खिशाला हात न लावता या मुंग्यांचे काय करायचे, तेवढे कळव.

दादा